इंटेल गिगाबिट सीटी: ड्रायव्हर शोधायला न लावणारं लॅन कार्ड

दहा-बारा वर्षं जुन्या मशीनचं ऑनबोर्ड लॅन गेलं, किंवा विंडोज बदलल्यावर त्याचा ड्रायव्हर मिळेनासा झाला, की दुकानदार हाताशी असेल ते कार्ड पुढे करतो. ‘गिगाबिट आहे, लावा आणि विसरा.’ गिगाबिट तर आता सगळीच कार्डं असतात. जुन्या मशीनवर अडतं ते वेगापाशी नाही, ओळखीपाशी. कार्ड खोचल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला आपणहून ओळखते का, आणि पुढचं अपडेट आल्यावर ती ओळख टिकते का? या एका कसोटीवर इंटेलचं गिगाबिट सीटी डेस्कटॉप अडॅप्टर, २००८ सालचं असूनही, आज घेण्यासारखं आहे. मॉडेल नंबर ईएक्सपीआय९३०१सीटी, त्यावरची चिप ८२५७४एल. खरेदी करताना चिपचा नंबर लक्षात ठेवा, बाकी खोक्यावरचं सगळं दुय्यम.

दिसायला कार्डात काहीच नाही. एक पोर्ट, मधोमध एक छोटी चिप, खाली पीसीआय एक्सप्रेस एक्स-१ची आखूड पट्टी. ही जोडणी पहिल्या पिढीच्या वेगाची, म्हणजे एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट. गिगाबिटला लागतात १२५, त्यामुळे स्लॉट अडथळा ठरत नाही. एक्स-१ स्लॉट भरलेला असेल तर एक्स-४, एक्स-८, अगदी ग्राफिक्स कार्डाच्या एक्स-१६ स्लॉटमध्येही ते चालतं. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने मोजलं तर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. १५०० बाइटच्या पॅकेटला टीसीपीची कमाल तेवढीच, त्यामुळे याहून महाग एक-पोर्टी गिगाबिट कार्ड घेऊन वेग वाढत नाही. मूळ खोक्यात बुटक्या कॅबिनेटसाठी आखूड ब्रॅकेटही, म्हणजे कार्ड मागे कसायची धातूची पट्टीही, येते. सुटं कार्ड घेताना ती मागून घ्या, नंतर शोधत बसावं लागतं.

आता या कार्डाचा खरा गुण. व्हीएमवेअर या, संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये अशा व्हर्च्युअल मशीनला जे ‘ई१०००ई’ नावाचं आभासी लॅन कार्ड मिळतं, ते याच ८२५७४एलची नक्कल आहे. क्यूईएमयू या तशाच सॉफ्टवेअरमधलं ई१०००ई सुद्धा हीच चिप वठवतं. जगभरच्या व्हर्च्युअल मशीन या चिपच्या भरवशावर नेटवर्कला जोडल्या जात असल्यामुळे तिचा ड्रायव्हर काढून टाकणं कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला परवडत नाही. लिनक्समध्ये ई१०००ई हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतो आणि त्याला वेगळं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम, लागत नाही. विंडोज ७ पासून पुढे हे कार्ड सीडी किंवा डाउनलोडशिवाय उभं राहतं. नेट चालू करायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, हा जुन्या मशीनवरचा नेहमीचा तिढा इथे पडतच नाही.

पण कार्ड घेण्याआधी ते खरंच लागतंय का, हे तपासा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं लॅनच्या बाबतीत फार होतं. मशीनला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर ड्रायव्हर बहुधा ठीक आहे. पत्ता वाटणाऱ्या राउटरपर्यंत विचारणा पोचत नाहीये किंवा उत्तर येत नाहीये, तेव्हा केबल, स्विचचा पोर्ट आणि राउटर बघा. लिंक १०००ऐवजी १०० मेगाबिटवर अडकत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार क्रिम्पिंगमध्ये निसटली की लिंक लागते, पण १००वर. अशा वेळी ड्रायव्हर दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही. आणि कुणी ‘स्पीड अँड डुप्लेक्स’मध्ये हाताने १०० फुल करून ठेवलं असेल तर ते ऑटोवर आणा. एका बाजूला सक्ती आणि दुसऱ्या बाजूला ऑटो असलं की स्विच हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेच्या वाहतुकीवर, घसरतो. पिंग नीट चालतं, पण मोठी फाइल पाठवली की वेग रांगायला लागतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असेल तर त्यामागचा कोड वाचा, तो सहसा खोटं बोलत नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ वर हा ५२ फार भेटतो, कारण नंतरचे ड्रायव्हर शा-२ पद्धतीच्या सहीने येतात आणि ताज्या इन्स्टॉल केलेल्या विंडोज ७ ला ती सही वाचता येत नाही. २०१५चं केबी३०३३९२९ हे अपडेट घातलं की ती वाचता येते. ते पेनड्राइव्हवर ठेवा. सही तपासणी कायमची बंद करून काम भागवणं हा उपाय नव्हे, दार उघडं टाकणं आहे.

कोणतं कार्ड आहे हेच ठाऊक नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सचं पान उघडा आणि हार्डवेअर आयडी निवडा. व्हेन (उत्पादक) आणि डेव्ह (उपकरण) यांच्यापुढचे चार-चार अक्षरांचे दोन आकडे म्हणजे चिपचं आधार कार्ड. इंटेल सीटीसाठी ते ८०८६ आणि १०डी३. रिअलटेकच्या नेहमीच्या गिगाबिट चिपसाठी १०ईसी आणि ८१६८. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ हीच माहिती देतं, शिवाय कोणता ड्रायव्हर तिला धरून बसलाय तेही सांगतं. मदरबोर्डच्या नावाने ड्रायव्हर शोधण्यात वेळ जातो, कारण एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांवर वेगवेगळ्या चिप असू शकतात. आयडीने शोधा.

रिअलटेकशी तुलना टाळता येत नाही, कारण बाजारातली बहुतेक स्वस्त कार्डं आरटीएल८१६८ किंवा ८१११ वर बनलेली असतात. साध्या विंडोज १० च्या घरगुती पीसीसाठी त्यात वावगं काही नाही, पैसे वाचवा. फरक पडतो तो लिनक्सवर आणि सर्व्हरवर. कर्नलमधला आर८१६९ हा ड्रायव्हर याच चिप चालवतो, पण बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी फर्मवेअर फाइल लागते आणि डेबियनमध्ये ती फर्मवेअर-रिअलटेक या पॅकेजात असते. काही चिप आर८१६९ वर रुसतात, मग लोक कंपनीचा आर८१६८ हा ड्रायव्हर डीकेएमएसने, म्हणजे कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बांधून देणाऱ्या साधनाने, बांधतात. तो चालतो, पण प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधला जातो, आणि एखादे दिवशी बांधणी फसली की रीबूटनंतर मशीन नेटवर्कबाहेर. समोर कीबोर्ड-मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर हे फार महागात पडतं. आर८१६८ वापरतच असाल तर कर्नल अपडेटनंतर, रीबूट करण्याआधी, ‘डीकेएमएस स्टेटस’ बघायची सवय लावा.

रिअलटेकची आणखी एक खोड ड्युअल बूटवाल्यांनी ओळखून ठेवावी. विंडोज बंद होताना तिथला ड्रायव्हर चिपला पूर्ण झोपवतो, आणि नंतर लिनक्स चालू केलं तर लिंकच लागत नाही. एसएमपीएसची पिन काढून अर्धा मिनिट थांबलं की सगळं सुरळीत. कार्ड खराब समजून लोक फेकून देतात. विंडोजमध्ये कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ चालू ठेवलं की त्रास संपतो.

विंडोजवर इंटेलचं पॅकेज घालताना

वर म्हटल्याप्रमाणे विंडोजच्या पोटातल्या ड्रायव्हरवर कार्ड चालतं, आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी भाग) किंवा टीमिंग (अनेक पोर्ट एकत्र बांधणं) यांसारखं काही हवं असेल तरच इंटेलचं पूर्ण पॅकेज घाला. पॅकेजचा सेटअप कधीकधी ‘या संगणकात इंटेलचं एकही अडॅप्टर नाही’ असं सांगून बंद होतो. त्यावर विश्वास ठेवण्याआधी ती एक्झी फाइल सेव्हन-झिपने उघडा. आत प्रो१००० नावाच्या फोल्डरमध्ये, ६४-बिटच्या उपफोल्डरात, विंडोज ७ च्या काळातल्या पॅकेजमध्ये एनडीआयएस६२, ६३, ६४, ६५ असे कप्पे दिसतील. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ साठी ६२, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ साठी ६३, विंडोज ८.१ आणि २०१२ आर२ साठी ६४, विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ साठी ६५. डिव्हाइस मॅनेजरमधून ‘हॅव डिस्क’ करून योग्य कप्पा दाखवा. चुकीचा कप्पा दाखवला तर ड्रायव्हर बसतच नाही, किंवा बसूनही कोड १० येतो.

जुनं कार्ड काढून नवं घातल्यावर स्थिर आयपी टाकायला गेलात की विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरकडे आहे. ते दुसरं अडॅप्टर मशीनमध्ये नसतंच, त्याचं भूत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, उरलेलं असतं. विंडोज ७ वर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१’ द्या आणि त्याच खिडकीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. व्ह्यूमधून लपलेली उपकरणं दाखवा आणि फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा. टॅलीचा सर्व्हर किंवा एखाद्या यंत्राला जोडलेला पीसी ठरावीक आयपीवरच चालत असेल तर ही पायरी चुकवून चालत नाही.

विंडोज ७ आणि २००८ आर२ अजून सांभाळणाऱ्यांनी २०१८ सालची अपडेट विशेष लक्षात ठेवावीत. मार्चच्या अपडेटनंतर काही मशीनवर जुन्या अडॅप्टरच्या जागी कोऱ्या सेटिंगचं नवं अडॅप्टर उभं राहिलं आणि स्थिर आयपी गायब झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत ओईएम क्रमांकाची आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाइल, सापडत नसल्याने कार्डच बंद पडण्याचा दोष मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवला. उपाय साधा, डिव्हाइस मॅनेजरमधून ‘हार्डवेअरमधील बदल शोधा’ करा आणि ड्रायव्हर पुन्हा बसवा. पण दुरून रिमोटने अपडेट मारणाऱ्याला हा साधा उपाय करायला त्या मशीनपाशीच जावं लागतं. अपडेटआधी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चं उत्तर एका फाइलमध्ये साठवून ठेवा, आयपी, गेटवे आणि डीएनएस हाताशी राहतात.

लिनक्सवर

ड्रायव्हरचा प्रश्न नाही, नावाचा आहे. नवं कार्ड खोचल्याने पीसीआय बसचे क्रमांक सरकू शकतात, आणि कालपर्यंत ईएनपी२एस० नावाने चालणारं जुनं कार्ड आज ईएनपी३एस० होतं. कॉन्फिगमध्ये जुनंच नाव असल्याने नेटवर्क उठत नाही आणि दोष मात्र नव्या कार्डाच्या ड्रायव्हरवर जातो. ‘आयपी लिंक’ मारा, नावं बघा, कॉन्फिग दुरुस्त करा. सेंटओएस ६ किंवा तेवढ्याच जुन्या डेबियनवर गोष्ट उलटी. तिथे उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हच्या ७०-पर्सिस्टंट-नेट नियमफाइलमध्ये जुन्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, एथ० म्हणून कोरलेला असतो, त्यामुळे नवं कार्ड एथ१ होतं. जुनी ओळ काढून नव्या ओळीत एथ० करा, आणि सेंटओएसवर आयएफसीएफजी फाइलमधली एचडब्ल्यूअ‍ॅडर ओळही बदला. दोन्हींपैकी एकच केलं तर काम अर्धवट राहतं.

या कार्डाचे दोष

आहेत, आणि झाकून ठेवण्यासारखे नाहीत. ८२५७४एलचं पीसीआय एक्सप्रेसच्या वीजबचतीशी, म्हणजे एएसपीएमशी, जमत नाही. बचत चालू असली तर काही बोर्डांवर पोर्ट अचानक गोठतो आणि रीबूटशिवाय जागा होत नाही. लिनक्सच्या ई१०००ई मध्ये या चिपसाठी ती बंद करण्याची सोय पुढे आली. जुन्या कर्नलवर बूट ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घाला. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधल्या पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा, आणि कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावरची ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही खूणही काढा. महिन्याला दोन रुपये विजेचे वाचवण्यासाठी सर्व्हर लटकवण्यात अर्थ नाही.

लिनक्सच्या डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ दिसलं तर ‘एथटूल -के’ने, इथे के मोठं, टीएसओ आणि जीएसओ, म्हणजे पॅकेट पाडण्याचं काम प्रोसेसरला हलकं करणाऱ्या सोयी, बंद करून पाहा. प्रोसेसरवर थोडा ताण वाढतो, पण दोन-कोअरच्या जुन्या मशीनलाही गिगाबिटला तो झेपतो. थांबलं तर तेच सेटिंग बूटच्या वेळी लागू होईल असं करा.

या चिपची बदनामी झाली ती २०१३च्या फेब्रुवारीत. एका ठरावीक ठिकाणी ठरावीक बाइट असलेलं पॅकेट आलं की पोर्ट मरतो आणि वीज तोडल्याशिवाय उठत नाही, असं उघड झालं. ‘मृत्यूचं पॅकेट’ म्हणून ते गाजलं. इंटेलने तपासून सांगितलं की दोष चिपचा नाही, एका मदरबोर्ड उत्पादकाने ईईप्रॉममध्ये, म्हणजे चिपची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीत, चुकीची माहिती भरली होती. वेगळ्या सीटी कार्डाला त्याची भीती नाही. जुन्या मदरबोर्डवर हीच चिप बसलेली असेल तर बोर्डाचं फर्मवेअर ताजं आहे ना, एवढं पाहून घ्या.

सर्व्हरमध्ये घालायचं का?

बहुतेक वेळा हो. विंडोज सर्व्हर डेस्कटॉपच्या बोर्डावर चढवणाऱ्यांना आय२१७-व्ही, आय२१८-व्ही या चिपचा अनुभव असेल. इंटेलने त्यांच्या आयएनएफ फाइलमध्ये सर्व्हर आवृत्तीला जागाच ठेवलेली नाही, त्यामुळे चिप इंटेलची आणि ड्रायव्हर इंटेलचा असूनही बसत नाही. लोक आयएनएफमधल्या ओळी एका विभागातून दुसऱ्यात नेतात, त्याने सही मोडते, मग टेस्ट साइनिंग, म्हणजे सहीची अट सैल करणारी सोय, चालू करतात. एवढ्या उठाठेवीपेक्षा एक सीटी कार्ड स्वस्त. ८२५७४एल सर्व्हर बोर्डांवरही बसायची, सुपरमायक्रोच्या एक्स९एससीएल-एफ वर ती ८२५७९एलएमच्या शेजारी आहे. ईएसएक्सआय ५.० ला, म्हणजे व्हीएमवेअरच्या थेट सर्व्हरवर चढणाऱ्या सिस्टिमला, त्या जोडीतली ८२५७९एलएम दिसत नसे, ८२५७४एल दिसे. ईएसएक्सआयवर रिअलटेकचा मार्ग तर आणखी अरुंद झाला. ५.५ मध्ये तो ड्रायव्हर मूळ प्रतीतून गेला, आणि २०२०च्या ७.० मध्ये लिनक्सचे ड्रायव्हर चालवणारा व्हीएमके-लिनक्स थरच काढल्याने हौशी मंडळींनी जपलेले ड्रायव्हरही निकामी झाले.

मात्र डेल आर७१० किंवा एचपी डीएल३८० जी७ सारख्या सर्व्हरमध्ये मूळचे चार पोर्ट दिसत नाहीत म्हणून हे कार्ड घेऊ नका. त्यांच्यावर ब्रॉडकॉमची बीसीएम५७०९ असते, तिला बीएनएक्स२ ड्रायव्हरबरोबर फर्मवेअर फाइल लागते आणि डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये ती नसते. २०२३च्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असं फर्मवेअर येतं. त्याआधीच्या आवृत्तीला फर्मवेअर-बीएनएक्स२ पेनड्राइव्हवरून द्या, चारही पोर्ट फुकटात परत मिळतात. ब्रॉडकॉमच्या नंतरच्या गिगाबिट चिपवर हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, कूर्मगतीने चालत असेल तर ‘डिसेबल-नेटअडॅप्टरव्हीएमक्यू’ चालवून पाहा. तोही कार्ड बदलायचा प्रश्न नाही.

डेलच्या आर७३० सारख्या सर्व्हरमध्ये परकं पीसीआय कार्ड घातलं की पंखे बेफाम होतात. सर्व्हरला त्या कार्डाचं तापमान कळत नाही, म्हणून तो सावधगिरीने हवा वाढवतो. डेलच्या रॅकॅडएम या कमांडच्या थर्मल सेटिंगमध्ये परक्या कार्डासाठीचा हा प्रतिसाद बंद करता येतो. सीटी तापत नाही, बंद करायला हरकत नाही.

ज्या मशीनमध्ये पीसीआय एक्सप्रेस नाहीच, फक्त जुने पांढरे पीसीआय स्लॉट आहेत, तिथे हे कार्ड बसणारच नाही. दोन किंवा चार पोर्ट हवे असतील तर आय३५० बघा. लॅपटॉपला अर्थातच यूएसबी, आणि त्यात आरटीएल८१५३ चिपचं अडॅप्टर निवडा, लिनक्समध्ये तिचा आर८१५२ ड्रायव्हर कर्नलसोबत येतो.

लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन, आता जे मिळतं त्यात वापरलेला माल बराच, आणि इंटेलच्या नावाने नकलाही. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बरोबर ठेवा. ‘एलएसपीसीआय -एनएनव्ही’मध्ये चिप ८०८६:१०डी३ आणि सबसिस्टिम ८०८६:ए०१एफ दिसली पाहिजे. कार्डावरच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता आणि सिस्टिमने दाखवलेला एकच हवा. मग डीमेसेज बघा. ‘द एनव्हीएम चेकसम इज नॉट व्हॅलिड’ अशी ओळ आली तर ईईप्रॉम बिघडलेलं आहे, विंडोजवर तेच कार्ड कोड १० म्हणून भेटेल. दुकानदार ‘ड्रायव्हर घाला, चालेल’ म्हणाला तरी ते काउंटरवरच परत ठेवा.